धनेशचा वाटा

भात झोडून कणगीत पडलं की लडक्याच्या घरात कुणाचं कामात लक्ष लागत नाही. सगळ्यांना उपसा आठवतो. रानशेतच्या वरच्या अंगाला, डोंगरातून उतरणारा ओहोळ एका कोंडीत साठतो. कोंडीच्या वर दगड, माती, पाला रचून बांध घालायचा, ओहोळाला बाजूनं वाट काढून द्यायची आणि कोंडीतलं पाणी डब्यांनी नि घमेल्यांनी उपसून टाकायचं. तळाशी चिखल उरतो आणि चिखलात मासे. मुंबईची माणसं डहाणूला येऊन तंबूत झोपतात, अंगाला डास लावून घेतात आणि त्याला सहल म्हणतात. लडक्याच्या सहलीत निदान संध्याकाळचं कालवण तरी सुटतं.

निलमला मात्र यंदा जायचं नव्हतं, आणि गेल्याशिवाय सुटकाही नव्हती.

निलम ही लडक्याची थोरली सून. तिचा नवरा धनेश गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून जायचा. मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता वादळ झालं आणि ती बोट उलटली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, धनेशचं लागलं नाही. मग त्याचे दिवस घालायचे कसे? त्याची आई जिजा, तिनं ते घालूच दिले नाहीत. "पान्यात पवनारा पोऱ्या हाय माझा. कठंतरी लागला असंल," एवढंच ती म्हणायची. तिच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

आणि आता कैनाडच्या नविननं निलमला मागणी घातली होती. नविन वाडीवाडीतून चिकू भरून टेंपो चालवतो. कमी बोलतो, आणि समोरचा बोलत असला की ऐकतो. आपल्याला तो आवडतो, हे स्वतःशी कबूल करायलाच निलमला सगळा पावसाळा लागला होता. पण जित्या नवऱ्याच्या बायकोनं दुसरं घर कसं करावं? सासरा लडक्या तिला एकटीला गाठून म्हणाला होता, "माझी ना नाय, पोरी. पन उपशाला तुझी सासू वाटा कसा घालतं ते बघू. तिनं सोडला तर तू सुटली."

उपशाचा वाटा हे या घरात कोर्टाच्या निकालासारखं आहे. पकडलेल्या मासळीचे वाटे घरातली थोरली बाई घालते. कामाला परगावी गेलेल्या माणसाचाही वाटा पडतो, तो त्याच्या बायकोनं पदरात घेऊन घरी न्यायचा. मेलेल्याचा वाटाही एकदा पडतो, पण तो घरी येत नाही. तो कोंडीच्या वरच्या धोंड्यावर ठेवायचा आणि निघायचं, की त्याचा नि घराचा संबंध संपला. गेल्या उपशाला जिजानं धनेशचा वाटा निलमच्या पदरात टाकला होता. घरी आल्यावर तो शिजवला, ताट वाढलं आणि दाराशी झाकून ठेवलं. सकाळी ताट लख्ख. कुत्र्यानं खाल्लं हे सगळ्यांना कळत होतं, जिजालाही कळत होतं. तरी ती दिवसभर हसतमुख होती.

तर सकाळीच सगळी वरात डोंगरावर निघाली. धाकटा दीर संदीप गळ्यात स्पीकर अडकवून पुढे. त्याची बायको दक्षा डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन त्याच्या गाण्यांना नावं ठेवत मागे. त्यांची प्रगती वाटेतल्या प्रत्येक वेलीला लोंबकळत होती. लडक्यानं ताडीचा कॅन स्वतःच उचलला होता. बाकी काही उचलायचं म्हटलं की त्याची कंबर धरायची.

कोंडीवर पोचल्यावर बांध घातला आणि माणसं ओळीनं उभी राहिली. संदीपनं तळाशी डबा भरायचा, निलमनं तो घेऊन पुढे दक्षाला द्यायचा, दक्षानं कडेच्या जिजाला, जिजानं पलीकडे ओतायचा. संदीप नि निलम यांच्यामध्ये मात्र जिजानं एका माणसाची जागा मोकळी ठेवायला लावली. "तठं धन्या उभा राहायचा," ती म्हणाली. कुणी वाद घातला नाही. संदीप दर डब्याला एक पाऊल पुढे येऊन हात लांब करायचा, आणि निलम वाकून घ्यायची.

डबे फिरू लागले. गाणी, चेष्टा, पाण्याचे फटकारे सगळं चालू होतं. हात आपोआप चालतात तेव्हा मन कुठेतरी जातं, तसं निलमचं गेलं होतं. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण वाकत नाही आहोत. डबा सरळ हातात येतो आहे. तिनं वळून पाहिलं. संदीप दूर, तळाशी खाली मान घालून डबा भरत होता. त्यानं न बघताच भरलेला डबा बाजूला केला, आणि तो डबा मधल्या मोकळ्या जागेतून आला आणि तिच्या हातात टेकला. कडी ओली नि गार होती, धरून ठेवल्यासारखी क्षणभर घट्ट लागली, मग सुटली.

तिनं डबा दक्षाला दिला. दक्षाचं लक्ष प्रगतीकडे होतं. पण कडेला उभी जिजा त्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

पाणी घोट्यापर्यंत आलं तशी सगळी चिखलात उतरली. हा उपशातला खरा खेळ. प्रगती कपारीत हात घालून किंचाळत होती, संदीपला खेकड्यानं धरलं होतं आणि दक्षा त्याला सोडवायच्या ऐवजी हसत होती. निलम दगडाखाली हात घालून चाचपत होती. तेवढ्यात तिच्या पायाचा अंगठा कुणीतरी पाण्याखालून ओढला. हलकेच, दोनदा. धनेश असंच करायचा. सगळ्यांदेखत बायकोशी बोलायची लाज वाटायची त्याला, म्हणून चिखलाखालून अंगठा ओढायचा आणि वर शहाण्यासारखं तोंड करून उभा राहायचा. मग पायानं दगड असा हलवायचा की मासा आपसूक तिच्या हातात यावा.

दगड हलला. एक जाडजूड वाम निलमच्या दोन्ही हातांत शिरली आणि तशीच पडून राहिली, सुटायची धडपडसुद्धा करेना.

"काय नशीब गं तुझं!" दक्षा ओरडली.

निलमला रडू आलं. भीती वाटत होती हे खरंच, पण त्याहून जास्त तिला तो आल्याचा आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच तिला अधिक भीती वाटली. त्याचा अंगठा ओढणारा हात आठवून तिला इतके दिवस झोप लागत नव्हती. आता तो हात खराच आला होता, आणि तो बर्फासारखा होता.

उन्हं कलली. खेकडे भाजून, नागलीच्या भाकरीबरोबर खाऊन झाले. लडक्याची ताडी संपली तसे सगळे वाट्यांसाठी गोल बसले. जिजानं पळसाची पानं मांडली आणि एकेका पानावर मासळी ठेवत गेली. म्हाताऱ्याचा, संदीपचा, दक्षाचा, पोरीचा, निलमचा, स्वतःचा. मग तिनं आणखी एक पान घेतलं, त्यावर ती वाम ठेवली, वर मूठभर झिंगे ठेवले आणि पान उचलून निलमपुढे धरलं.

"ने घरी."

लडक्यानं मान खाली घातली. निकाल लागला होता. निलमनं पान हातात घेतलं. पदरात मात्र घेतलं नाही.

"आये, मी नाय नेत."

"काय बोललीस?"

"तो इठं हाय, आये. सकाळपासून हाय. डबा त्यानं दिला, तू बघितलंस." निलम म्हणाली. "जिता मानूस असा येत नाय."

जिजा उठून उभी राहिली. "तुला नविन पायजे, म्हनून माझा पोऱ्या मारतंस?"

दक्षानं प्रगतीला जवळ ओढलं. निलमला खोटं बोलता आलं असतं, पण तिथे, त्या जागी, तिच्यानं खोटं बोलवेना. "पायजे नविन. लाज वाटतं, पन पायजे. तरी मी नाय मारला त्याला. तो मेलाच हाय, आये. गार हाय तो."

आणि ती कोंडीच्या वर चढली. धोंड्यावर तिनं पान ठेवलं, आणि ठेवताना आपण नवऱ्याला आपल्या हातानं मारलं असंच तिला वाटलं. जिजानं तिला अडवलं नाही.

लडक्यानं बांध फोडला. पाणी कोंडीत धबाधबा पडू लागलं. "चला," तो म्हणाला, "मागं कुनी बघायचं नाय. बघनाऱ्याच्या मागं तो लागतं."

सगळी मुकाट्यानं उतरू लागली. पुढे लडक्या, मग संदीपच्या खांद्यावर प्रगती, मग दक्षा. मागे निलम, आणि शेवटी जिजा. स्पीकर बंद होता. निलमला मागून पावलं ऐकू येत होती. जिजाच्या वहाणांची पावलं तिला ओळखता येत होती. त्यांच्याही अलीकडे, अगदी तिच्या पाठीशी, ओल्या अनवाणी पायांची पावलं होती. वाळल्या पाल्यावर ती चपचप वाजत होती. मानेवर गार श्वास लागला.

"निले."

तिनं दात आवळले. पाय थांबले. मान वळायला लागली, तिच्या इच्छेवाचून, पाण्यानं ओढल्यासारखी. एकदाच बघते, तिनं मनात म्हटलं. त्याचं तोंड एकदाच.

तेवढ्यात मागून जिजाचा हात आला आणि तिची हनुवटी धरून पुढे केली.

"तू नको," जिजा म्हणाली. "तुला नविनकडं जायचं हाय."

आणि जिजा स्वतः वळली. नुसती मान नाही, सगळी वळली, वाटेत उभी राहून, दोन्ही हात पसरून.

"आये, नको!"

"जा तू. मी आयस हाय त्याची, माझ्या मागं लागू दे," जिजा म्हणाली, आणि मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "ये रे धन्या. किती भिजलास. ये इकडं."

निलम चालत राहिली. ओली पावलं तिच्या पाठीपासून सुटली आणि मागे मागे गेली. मानेवरचा गारवा गेला, पाठीला उतरत्या उन्हाची ऊब लागली. हेच तर तिला हवं होतं. तरी दक्षाला तिला हाताला धरून उतरवावं लागलं, इतकी ती रडत होती. मागे, वरच्या वळणावर, जिजा कुणालातरी जेवलास का म्हणून विचारत होती.