ताकदीची गोळी

नागोजीने पिशवीतून दोन पपनसं काढून सामानाच्या खोक्यावर ठेवली. बसा म्हटलं तरी तो उभाच राहिला.

"अक्का, ब्रँडी गेला," तो म्हणाला. "आम्हीच मारला."

नीलिमाच्या हातातली चिकटपट्टी हातातच राहिली.

आठ दिवसांनी ती आणि तिचा नवरा निहार अमेरिकेला निघणार होते. जयनगरचं भाड्याचं घर रिकामं होत आलं होतं. ब्रँडीसाठी तिने तीन घरी विचारलं होतं; कुत्र्याला फिट येतात म्हटल्यावर तिघांनीही हात जोडले. चौथा नागोजी, निहारच्या कंपनीतला ड्रायव्हर. देवनहळ्ळीजवळ त्याचं शेत, घरात म्हातारी आई. त्याला तिने फिटचं सांगितलंच नाही. डॉक्टरांनी शिकवलेलं तिला तोंडपाठ होतं. कुत्रा आडवा पडून ताठ झाला, पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला, तरी घाबरायचं नाही. आजूबाजूचं सामान सरकवायचं, तोंडाजवळ हात न्यायचा नाही, घड्याळ बघत थांबायचं. आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. यातलं फक्त गोळीचं तिने सांगितलं, तेही ताकदीची आहे, रोज दोनदा द्या, असं.

नागोजी खाली मान घालून सांगत होता. कुत्रा तिकडे चांगला रमला होता. आई त्याला स्वतःच्या ताटातली रागीमुद्दे, नाचणीच्या उकडीचा गोळा, भरवायची. दोन महिन्यांत तो असा धष्टपुष्ट झाला, की गोळ्या संपल्यावर आता आणखी कसली ताकद, म्हणून नागोजीने नव्या आणल्या नाहीत. गेल्या सोमवारी सकाळी तो अंगणात धाडकन पडला. आईने धावत जाऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या बोटाला विळीने कापलेलं होतं, त्यावर फेस लागला. शेजारीपाजारी ओरडले, पिसाळलाय.

"पहारीचा पहिला घाव आईनंच घातला. म्हणाली, माझं होईल ते होईल, गल्लीतल्या पोरांना चावायला नको."

तेव्हापासून तो तिला रोज सरकारी दवाखान्यात नेत होता. तेव्हा कुत्र्याच्या विषावर पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. पाच झाल्या होत्या. इथे असताना ब्रँडीला कुठलं कुत्रं चावलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारून यायला सांगितलं होतं.

"नाही," नीलिमा म्हणाली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. नागोजीने मानही डोलावली होती.

"आईचं पोट सुजलंय," तो म्हणाला. "पण काही बोलत नाही ती."

नीलिमा आत गेली आणि ब्रँडीची फाईल घेऊन आली.

"तो पिसाळलेला नव्हता, नागोजी. त्याला फिट यायच्या. ती गोळी फिटचीच होती. मी तुम्हाला सांगितलं नाही."

नागोजीने विचारलं,

"किती वेळ पडून राहायचा?"

"दोन मिनिटं. मग थोडा भेलकांडायचा आणि पाणी प्यायचा."

मग ती भराभर बोलू लागली. पिसाळू नये म्हणून वर्षावर्षाला टोचलेल्या लशीची नोंद यात आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, आजच दवाखान्यात दाखवा, उरलेल्या सुया कदाचित थांबवतील. तिने फाईल त्याच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, बंद केली आणि खोक्यावर ठेवून दिली.

"रोज रडते ती त्याच्यासाठी," तो म्हणाला. "पिसाळलेला होता, मारावाच लागला, असं म्हणते आणि मग जेवते."

"पण अजून नऊ सुया..."

"सुया सोसेल ती, अक्का. हे नाही सोसायची."

त्याने दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या. पुढच्या शनिवारी विमानतळावर सोडायला आपलीच ड्यूटी लागली आहे, गाडी किती वाजता आणू, एवढंच त्याने जाताना विचारलं.