डावीकडून सातवी फरशी

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या काळात आमचे हे मला स्वतःहून कुठे घेऊन गेल्याचं उदाहरण एकच आहे, आणि तेही दातांच्या डॉक्टरकडे. त्यामुळे एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत हे म्हणाले, "आपण समुद्राकाठच्या त्या हॉटेलात दोन रात्री राहून येऊ," तेव्हा मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

"कुठल्या हॉटेलात?"

"त्याच. मोठ्या. मी फरशी बसवली होती ना तिथे."

हे फरशीचे मिस्त्री. कामाच्या जगात त्यांना कुणी नावाने ओळखत नाही, सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन टांगून धरतात, तो ओळंबा. यांनी काम केलेल्या भिंतीला तो धरायची गरजच नाही, अशी यांची ख्याती. मी लाडाने आणि वैतागाने ओळंबेराव म्हणते, वैतागाने जरा जास्त वेळा.

कारण हा माणूस कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी खाली वाकतो आणि बोटाच्या पेराने फरशी वाजवून बघतो. टक् असा आवाज आला तर फरशी भरीव, म्हणजे खाली सिमेंटचा माल नीट बसलाय. डब् असा आला तर पोकळ. पोकळ आवाज ऐकला की यांचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा होतो, आणि मग ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या नव्या घरात यांनी तीन फरश्या पोकळ काढल्या. त्यानंतर दोन वर्षं तिने आम्हाला जेवायला बोलावलं नाही.

तर अशा माणसाने मला हॉटेलात चल म्हटलं, आणि मी हवेत तरंगायला लागले. खोटं कशाला बोलू. मी दवाखान्यात जुन्या रुग्णांच्या फायली सांभाळते. फायलींची खोली तळघरात आहे, तिला खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस हे मला आत येणाऱ्या माणसाच्या बुटांवरून कळतं. सव्वीस वर्षं मी बूट बघून हवामान सांगते आहे. म्हणून माझी अट एकच होती. सकाळी डोळे उघडले की उशीवरून मान न उचलता समुद्र दिसला पाहिजे. बाकी पोहायचा तलाव, मसाज, सात तऱ्हेच्या उशा, हे त्यांचं त्यांना लखलाभ.

आमच्या लेकीने लगेच लॅपटॉप उघडला. चोवीस वर्षांची आहे, उत्साहात माझ्यावर गेली आहे. तिने एकेक खोली दाखवायला सुरुवात केली. एका फोटोत पलंग, पलंगासमोर काच, आणि काचेपलीकडे नुसता निळा समुद्र. मी म्हटलं, "बस. हीच."

"नको," हे म्हणाले. "मागच्या बाजूची घेऊ. तळमजल्यावरची. एकशे चौदा."

लेकीने लॅपटॉपवरून मान वर केली.

"मागच्या बाजूला काय आहे?" लेकीने विचारलं.

"कपडे वाळत घालायची जागा आहे. शांत असतं."

"अहो, समुद्रावर जाऊन समुद्राकडे पाठ करून झोपायचं? मग घरीच झोपू की. इथे माझी दोरी आहे, तुमचे कपडे आहेत, वाळत घालते आणि बघत बसते."

मग कारणं सुरू झाली. खारा वारा गुडघ्यांना वाईट. लाटांच्या आवाजाने झोप लागत नाही. काचेतून ऊन येतं. खोटं बोलायची अजिबात सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की ऐकणाऱ्यालाच लाज वाटते. लेक म्हणाली, "बाबा, पण मागच्या खोल्या इथे दिसतच नाहीत. समोरच्याच आहेत."

"फोन करून विचारता येईल," हे म्हणाले.

"मग करा."

"करतो."

केला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी मी बोलणं बंद केलं. आमच्याकडे माझं बोलणं बंद होणं म्हणजे सगळ्यात मोठं शस्त्र, पण यांना बहुधा त्या शांततेत बरंच वाटलं असावं. हे गुपचूप जेवायचे, ताट उचलायचे आणि जाऊन बाल्कनीत उभे राहायचे. लेक मधल्यामध्ये निरोप्याचं काम करत होती. "आई म्हणते, समुद्राकडची नसेल तर ती येणार नाही." "बाबा म्हणतात, महिनाअखेरीच्या आत जायलाच हवं." महिनाअखेर कशासाठी, हे विचारलं की पुन्हा गुडघे.

मला खरंच वाईट वाटत होतं. रागापेक्षा वाईटच जास्त. एवढ्या वर्षांत मी मागितलेली गोष्ट ती काय, एक खिडकी.

शनिवारी दुपारी, काही झालं तरी बॅग तरी पुसून ठेवावी म्हणून मी ती कपाटावरून ओढली. ती येईना. रिकामी बॅग इतकी जड कशी, म्हणून स्टुलावर चढून चेन उघडली, तर आत सगळ्यात वर यांची नवीकोरी पोहायची चड्डी. तिच्याखाली छन्नी, छोटी हातोडी, पातळ करवतीचं पातं, रबरी हातमोजे आणि पांढऱ्या सिमेंटची पुडी. आणि तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक फरशी.

हाक मारताना मी अबोला विसरले. "अहो, इकडे या. सुट्टीवर निघालात की तिजोरी फोडायला?"

हे आले, बॅग बघितली आणि मटकन पलंगावर बसले. लेकही मागोमाग आली. मी फरशी टॉवेलातून काढली. तळहाताएवढी, पांढरी, त्यावर एक निळी लाट आणि लाटेच्या टोकाला फेस.

"ही शिल्लक राहिली होती," हे म्हणाले. "चोवीस वर्षं माळ्यावर आहे. त्या हॉटेलाच्या सगळ्या न्हाणीघरांत या लाटांची एक पट्टी आहे. मी लावलेली."

"मग?"

"मग काय. एकशे चौदामध्ये एक उलटी लागली आहे."

ओळंबेरावांच्या तोंडून असं वाक्य ऐकायला मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एरवी मी यावर निदान वर्षभर टिंगल केली असती, पण यांचा चेहरा बघून जीभ उचलेना.

"आरशाच्या डावीकडे, दारापासून सातवी," हे सांगायला लागले. "सगळ्या लाटा दाराकडून खिडकीकडे जातात. ही एकच उलटी फिरली आहे. पाणी वर, फेस खाली. हातात फरशी होती, मागे माल लावलेला होता, आणि वॉचमन धावत आला. दारातूनच ओरडला, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मी हातातली फरशी भिंतीला लावली आणि पळालो. एक हात तसाच भरलेला."

तो हात मला माहीत आहे. लेक झाली तेव्हा हे कोपरापर्यंत सिमेंट लावून दवाखान्यात आले होते, आणि नर्सने आधी हात धुऊन या म्हणून बाळ दिलं नव्हतं. हा किस्सा मी लेकीच्या दर वाढदिवसाला रंगवून सांगते, आणि दर वाढदिवसाला हे खिडकीबाहेर बघतात. मला वाटायचं, लाजतात.

"तीन दिवसांनी कामावर गेलो तेव्हा दिसली," हे म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम होतं. छन्नी घेतली, भिंतीला टेकवली. पण हात पुढे जाईना. राहू दे म्हटलं. साहेबाला दिसली नाही, मालकाला दिसली नाही. मी कुणाला सांगितलं नाही. आता तो मागचा सगळा भाग तोडणार आहेत. तोडायचं काम माझ्या जुन्या भागीदाराने घेतलंय, दुकानात भेटला तेव्हा म्हणाला. महिनाअखेरीला सुरुवात."

"आणि तुम्ही त्याआधी ती सरळ करायला निघालात," मी म्हटलं. "तोडणार असलेल्या भिंतीवर. धन्य आहे तुमची."

"सरळ करायला नाही गं," हे म्हणाले. "घरी आणायला. तिच्या जागी ही लावली असती, कुणाला कळलंही नसतं."

लेकीने माझ्या हातातली फरशी घेतली, पलंगावर ठेवली आणि एकदा अशी, एकदा तशी फिरवली. "पण बाबा," ती म्हणाली, "एकटी असली तर उलटी की सुलटी हे कळणार कसं? शेजारी एक सरळ हवी ना. ही त्यांना देऊ नका. दोन्ही घरी लावू."

यांनी फरशीकडे बघितलं, मग लेकीकडे. तीस वर्षं फरशी बसवणाऱ्या माणसाच्या हे डोक्यात आलं नव्हतं. डोळे पुसायला यांनी नेमका तो सिमेंट लागलेला टॉवेल उचलला, तो मी हातातून काढून घेतला. माझे डोळे कोरडे होते असं नाही.

"मागचीच खोली घ्या," मी म्हटलं. "समुद्र काय, आज नाही तर उद्या बघू. तो कुणी तोडायला घेतलेला नाही."

हे मी मनापासून म्हटलं. थोडं दुखलं, पण मनापासूनच.

लेकीने तिथल्या तिथे हॉटेलला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. बुकिंगवाल्याने मॅनेजरबाईंकडे फोन दिला. बाई आवाजावरून कामाच्या घाईत होत्या. लेकीने फोन यांच्यापुढे धरला. यांनी घसा साफ केला.

"एकशे चौदा नंबरची खोली हवी होती. दोन रात्री."

"तो भाग आम्ही बंद केलाय, साहेब. तोडकाम आहे. समोरच्या बाजूची देते."

"न्हाणीघरात एक फरशी आहे," हे म्हणाले आणि थांबले.

यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ती उलटी बसली आहे. मी बसवली होती. चूक माझी आहे," हे एका दमात म्हणाले. "माझी मुलगी त्या दिवशी झाली. ती फरशी मला हवी आहे."

मग बाई म्हणाल्या, "कुठे आहे म्हणालात?" त्यांच्या आवाजातली घाई गेली होती. यांनी जागा सांगितली, आरशाच्या डावीकडे, दारापासून सातवी. "मी त्याच बाजूला आहे. फोन चालू ठेवा."

पावलांचा आवाज, किल्ल्यांचा आवाज, दार. आम्ही तिघंही फोनवर वाकलो होतो, जणू तो वाकल्याशिवाय ऐकूच आला नसता.

"डावीकडून सातवी," बाई म्हणाल्या. "हो की. आहे. मी इथे नऊ वर्षं काम करते, माझ्या कधी लक्षात नाही आलं." त्या हसल्या. "न्या तुम्ही. कोण अडवतंय? समोरची दुसऱ्या मजल्यावरची खोली देते, समुद्राकडची, आणि दुपारी येऊन ही काढा. पण न तुटता निघेल का?"

मला समुद्र मिळाला होता, पण यांच्या कपाळावर आठ्या आल्या. "नीट बसवलेली फरशी अख्खी निघत नाही," हे हळूच मला म्हणाले. "आणि मी बसवलेली..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. यांनी आयुष्यात पोकळ फरशी लावली नव्हती. हाच तर यांचा तोरा.

मग यांनी मान वर केली. "बाई, एक काम कराल का? बोटाने आधी सहावी वाजवा. मग सातवी."

टक्, असा आवाज आला. भरीव, घट्ट, माझ्या ओळंबेरावांसारखा.

"आता सातवी."

लेकीने माझा हात धरला. हे डोळे मिटून ऐकत होते. त्या दिवशी यांनी ती नुसती भिंतीला लावली होती, ठोकली नव्हती, दाबली नव्हती, वळूनही बघितलं नव्हतं.

डब्.

"पुन्हा एकदा," हे म्हणाले.

डब्.

"पोकळ आहे," हे म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत हा शब्द मी यांच्या तोंडून हजार वेळा ऐकला असेल, पण हसत हसत म्हटलेला पहिल्यांदाच ऐकला. "अलगद निघेल. काही होणार नाही तिला."

मग हे उठले, बॅगेतून छन्नी-हातोडी काढून बाजूला ठेवली आणि नुसतं करवतीचं पातं परत आत टाकलं. वर पोहायची चड्डी नीट घडी करून ठेवली. मी विचारलं, "अहो, पण तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"तू बघशील ना समुद्र खिडकीतून," हे म्हणाले. "मी कडेला उभा राहीन. दिसेन तुला."