पलंगामागची भिंत

“असा दारात काय उभा राहतोस? आत ये, आणि आधी चपला काढ,” आई खुर्चीतून म्हणाली.

“आई, तू गिऱ्हाईक आहेस. गिऱ्हाईक असं ओरडत नाही.”

“पैसे मोजणारी गिऱ्हाईक आहे मी. ओरडणारच.”

ओट्यापाशी बायको हसली. तोही हसला, पण हातातला तपासणीचा कागद घामानं ओला झाला होता. पंचवीस वर्षं रंगारीकाम केल्यावर गुडघ्यांनी शिडीला नकार दिला. मग तीन महिने वर्गात बसून तो घरं तपासायचं काम शिकला. उद्या सकाळी पहिलं घर. एक नवं जोडपं जुना फ्लॅट घेणार होतं, आणि घ्यायचा की नाही हे त्याच्या शब्दावर ठरणार होतं. म्हणून आज आपल्याच घरात तालीम.

न्हाणीघरात त्यानं फरशीवर गोटी ठेवली. ती पाणी जायच्या जाळीकडे न जाता दाराकडे घरंगळली.

“उतार उलटा,” म्हणत त्यानं लिहिलं.

“लग्नापासून सांगतेय,” बायको म्हणाली. “तेव्हा म्हणालात, पाय जपून टाक.”

पलीकडे आईची खोली. तो उंबऱ्यातच थांबला. न्हाणीघराला लागून असलेली पलंगामागची भिंत त्यानं चार महिन्यांपूर्वीच रंगवली होती. त्यानं सवयीनं डोळे बारीक केले, ब्रशचा हात कुठे दिसतोय का ते पाहिलं आणि लिहिलं: भिंत उत्तम. रंगकाम सफाईदार.

“ओलीचं यंत्र नाही लावलंस,” मागे येऊन उभी राहिलेली आई म्हणाली.

“मध्ये पलंग आहे. जड आहे. भिंत चांगली आहे असं धरून चालू.”

“मी नाही धरून चालत. गिऱ्हाईक आहे मी.”

त्यानं आणि बायकोनं पलंग ओढला. काहीतरी सळसळलं. गादी आणि भिंत यांच्यामध्ये प्लास्टिकचं जुनं टेबलक्लॉथ घडी घालून खोचलं होतं. त्याच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब होते.

ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावताच वाजू लागलं, आणि वाजतच राहिलं. त्यानं नखानं खरवडलं. रंगाखाली पुट्टी, तिच्याखाली आधीचा रंग, त्याखाली त्याच्या आधीचा. दर वर्षी डाग त्याच जागी यायचा आणि दर वर्षी तो त्यावर रंगाचा हात मारायचा. घर विकायला काढणारे लोकही त्याला याचसाठी बोलवायचे. त्याचं काम नावाजलेलं होतं.

“हे प्लास्टिक कधीपासून?” त्यानं विचारलं.

“झाली की चार वर्षं. गादी भिजायची. तू रंगवायला घेतलंस की काढून ठेवायचे.”

“मग मला सांगायचंस ना!”

“किती मन लावून रंगवायचास. शीळ घालत. म्हटलं, कशाला मोडता घालायचा?”

त्याचे कान तापले. यंत्र बंद करायला बटण सापडेना. शेवटी बायकोनंच ते हातातून घेतलं आणि बंद केलं.

“मला माहीत होतं, आई,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “आत ओल आहे, हे मला माहीत होतं.”

आईनं पलंगावरचा कागद त्याच्यासमोर धरला. मग म्हणाली, “मग तसं लिही.”

त्यानं आधीची ओळ खोडली. ‘ओल आहे. न्हाणीघरातून येते. जुनी आहे. दर वर्षी रंगाखाली झाकली.’

“कुणी?” आईनं विचारलं. ती तीस वर्षं बालवाडीत शिकवत होती. कुंडी कुणी फोडली हे ती मुलांना याच आवाजात विचारायची. तो आवाज कधी चढत नसे.

त्यानं तेही लिहिलं. आईनं कागद लांब धरून सावकाश वाचला आणि गिऱ्हाइकाच्या सहीच्या जागी सही केली. संध्याकाळी तिचा पलंग बाहेरच्या खोलीत आला.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटचं दार उघडताच ताज्या रंगाचा वास आला. जोडपं त्याच्या मागोमाग हळू चालत होतं. झोपायच्या खोलीत भिंतीला लागून मोठं कपाट होतं.

“ते राहू द्या,” घरमालक म्हणाला. “फार जड आहे. मागं काही नाही.”

तो भिंतीकडे बघत राहिला. कुणाचा तरी हात फार छान होता. मग त्यानं पिशवी खाली ठेवली, बाह्या वर सारल्या.

“एक बाजू मी धरतो,” तो म्हणाला.