पट्टीच्या कडेचा आवाज

थांबा हो, लगेच चालू करू नका! आधी मशीनवरचं ते बारीक बटण बघा! मी बोलतेय, मी, तुमच्या हातातली जुनी व्हिडिओ कॅसेट. पण माझं ऐकतंय कोण? दुकानात दुरुस्तीवाला वायरी जोडण्यात गुंग आहे, धाकटीने डोळे घट्ट मिटलेत, तिचा थोरला भाऊ सारखा घड्याळ बघतोय आणि त्यांचे बाबा मागच्या स्टुलावर बसलेत.

"बुरशी काढलीय मी," दुरुस्तीवाला म्हणतो. "पण पट्टीचा थर सुटत चाललाय. एकदा नीट चालेल. दुसऱ्यांदा चालेल याची हमी मी देत नाही."

"एकदाच पुरे," धाकटी म्हणते.

म्हणजे मला एकच संधी आहे, आणि बटण चुकीच्या जागी आहे. जीव नुसता टांगणीला लागलाय.

माझा जन्म कारखान्यातला. शेकडो बहिणींबरोबर खोक्यात बसून मी दुकानात आले आणि बाबांनी मला विकत घेतलं. बाबा बसस्थानकावर घोषणा करायचे. त्या वेळी त्यांच्या घरात एका परदेशी कार्टूनचं वेड शिरलं होतं. डोंगराएवढा रोबो, पण लढायचा मात्र कुस्ती-कराट्याने! वार करण्याआधी तो वाराचं नाव ओरडून सांगायचा, म्हणजे शत्रूला पळून जायला चिक्कार वेळ मिळायचा. तरी एकही शत्रू कधी पळाला नाही. दर भागात तोच डोंगर फुटायचा, तेच दगड उडायचे. खरं सांगते, इतकं भाबडं काम मी दुसरं पाहिलं नाही, आणि इतकं लाडकंही.

भाषा मात्र ओ की ठो कळायची नाही. धाकटी रडकुंडीला यायची, "बाबा, तो काय म्हणाला?" शेवटचा भाग लागला तेव्हा बाबांनी तो माझ्यावर उतरवून घेतला. मग एका रविवारी दुपारी, मुलं अंगणात खेळत असताना, ते माईक घेऊन मशीनपुढे बसले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. माझ्या पट्टीत आवाजाच्या दोन वाटा आहेत. एक चित्राच्या तळाशी, खोलवर. दुसरी पट्टीच्या कडेला, दोऱ्याएवढी. परदेशी आवाज खोल वाटेत तसाच राहिला आणि बाबांचा आवाज कडेच्या वाटेवर बसला. कुठला ऐकायचा, ते मशीनवरचं बटण ठरवतं. घरातल्या मशीनला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच होता. कॅसेट घालताना ते गुपचूप बटण सरकवायचे. मुलांना वाटायचं, रोबो आपलीच भाषा बोलतो!

बाबांचा रोबो म्हणजे काय सांगू! "सावधान! लोखंडी राक्षस क्रमांक सात थोड्याच वेळात फलाट दोनवर येत आहे!" मग एके दिवशी बसस्थानकावर धाकटीने कान टवकारले आणि भर गर्दीत किंचाळली, "आई, आपला रोबो इथे कामाला आहे!" बाबांचं पितळ उघडं पडलं. त्यानंतर तर पोरीचं प्रेम दुप्पट झालं.

मुलं मोठी झाली, मशीन बिघडलं, मी माळ्यावर गेले. मग बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. घोषणा हवेत विरून गेल्या होत्या. घरात फोटो ढीगभर होते, आवाज एकही नव्हता. तेव्हापासून बाबा वहीत लिहून बोलतात. गेल्या महिन्यात धाकटी थोरल्याला म्हणाली, "दादा, मला बाबांचा आवाज आठवेनासा झालाय रे. आठवायला गेले की तुझाच येतो." मग दोघांनी मिळून माळा उपसला.

आणि आता दुरुस्तीवाल्याने कळ दाबलीच.

पडद्यावर रोबो उभा राहिला. रंग उतरलेत, पण ऐट तीच. त्याने तोंड उघडलं आणि परदेशी भाषेत ओरडला.

धाकटीने डोळे उघडले. "हा नाही. हा आवाज नाही."

"कॅसेटमध्ये आहे तोच आवाज येणार ना, ताई," दुरुस्तीवाला म्हणाला. पोरगा हुशार आहे, पण त्याच्या शिकण्यात हे बटण कधी आलंच नसणार.

"पुसला गेला असेल," थोरला हळूच म्हणाला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस."

पुसला नाही रे! इथेच आहे, कडेला आहे! मी आतल्या आत तडफडत होते. एकेक वाक्य पुढे सरकत होतं आणि मागे काळी भुकटी सांडत होती. पाच मिनिटं गेली. नऊ गेली.

मागच्या स्टुलावर बसलेले बाबा उठले. मशीनकडे बोट दाखवून त्यांनी टेबलावर हात आपटला. "बाबा, त्रास होतोय का?" थोरला धावला. बाबांनी मान हलवली, वही उघडली आणि लिहिलं, 'बटण'. पण धाकटी ओंजळीत तोंड लपवून रडत होती आणि दुरुस्तीवाला पडद्याला चिकटला होता. थोरला म्हणाला, "कसलं बटण, बाबा? शर्टाचं?"

बाबांनी वही भिरकावली. थोरल्याला बाजूला सारून ते मशीनपाशी आले. मशीन अनोळखी, वर वीस बटणं. त्यांनी एक दाबलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं, चित्र थरथरलं.

"अहो काका, पट्टी तुटेल!" दुरुस्तीवाल्याने त्यांचा हात धरला.

बाबांनी दुसऱ्या हाताने तिसरं बटण सरकवलं.

"...वज्रमुष्टी प्रहार! प्रवाशांनी कृपया मागे सरकावे!"

दुरुस्तीवाल्याने बाबांचा हात सोडला. थोरला मटकन स्टुलावर बसला, आधी हसला आणि मग त्याला हुंदका आवरेना. बाबा पडद्याकडे बघत ओठ हलवत होते, शब्दाला शब्द जुळत होता. अर्धा भाग हातचा गेला, पण अर्धा मिळाला. डोंगर फुटला, दगड उडाले, शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

दुरुस्तीवाल्याने बंद करायला हात पुढे केला. बाबाही नेहमी इथेच मला बंद करायचे. पण धाकटी म्हणाली, "राहू दे. संपू दे तिला."

त्या दुपारी पाट्या लागल्यावरही बाबांनी माईक बंद केला नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खिडकी उघडल्याचा आला. मग रोबोचा नाही, फलाटावरचाही नाही, असा साधा, दमलेला, घरातला आवाज आला.

"ए चिमणे, किती खेळशील उन्हात? आत ये, पाणी पी. चिमणे! ऐकतेस ना?"

अंगणातली चिमणी तेव्हा खेळात दंग होती, तिने उत्तर दिलं नव्हतं. आज दुकानात धाकटी खुर्चीवरून ताडकन उठली आणि म्हणाली, "आले, बाबा!"

माझी पट्टी आता बरीचशी कोरी झालीय. पुन्हा लावलंत तर खरखर ऐकू येईल. टाकून दिलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त एवढं करा, तुमच्या माळ्यावर माझी एखादी बहीण असेल तर तिला वेळेत खाली काढा, बटण तपासा आणि पाट्या लागल्या म्हणून बंद करू नका.