सोनेरी सदस्याचं कार्ड

मी एक कार्ड बोलतोय. बँकेचं नव्हे, ओळखपत्रही नव्हे. मोठ्या दुकानात बिल करताना "कार्ड आहे का?" असं विचारतात ना, ते. पॉइंटांचं. अंगाने सोनेरी, पण नखाने जरा खरवडलंत की आतून पांढरं प्लॅस्टिक. तेव्हा सोन्याबद्दल जास्त न बोललेलंच बरं.

आज मला मन मोकळं करायचंय, कारण वैताग आलाय. दुकानाचा आलाय, ज्यांच्या खिशात सात वर्षं राहिलो त्या गृहस्थांचाही आलाय. पण आधी माझी जन्मकथा ऐका. ती लहानच आहे.

एका कारखान्यात मोठाल्या तावांतून आम्हाला कापून काढलं. जुळी-तिळी सोडा, आम्ही हजारोंनी एकसारखे. अंगावर नंबर, आणि खाली छापलेलं: 'आमचे सन्माननीय सोनेरी सदस्य'. सदस्य कोण, ते अजून ठरायचं होतं. सन्मान मात्र आधीच छापून तयार. मग आमचे रबर लावलेले गठ्ठे दुकानात आले आणि काउंटरखालच्या खोक्यात पडले, पिशव्यांच्या शेजारी.

तिथून मला उचललं ते एका निवृत्त माणसासाठी. हे गृहस्थ आयुष्यभर नकाशे काढायचे, पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे. केसाएवढी बारीक रेघ हात न थरथरता ओढायचे म्हणे. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि निवृत्त होऊन जेमतेम काही महिने.

"काका, कार्ड आहे का?" कॅशियर मुलीने विचारलं.

"नाही बुवा."

"काढून देऊ? फुकट आहे."

'फुकट' हा शब्द ऐकून ज्याची मान वळत नाही असा माणूस मी तरी पाहिला नाही. अप्पांनी नाव सांगितलं, फोन नंबर सांगितला. तिने जन्मतारीख विचारली तेव्हा ते जरा थांबले. "ती कशाला?" "वाढदिवसाला शुभेच्छा येतील ना दुकानाकडून." अप्पांचा चेहरा असा काही उजळला की मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, हे प्रकरण पुढे जड जाणार.

घर त्यांचं तिसऱ्या मजल्यावर. मुलगा नोकरीपायी महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी. सून हाडा-सांध्यांच्या दुखण्यावर व्यायाम शिकवणारी, दिवसभर दवाखान्यात लोकांचे खांदे आणि गुडघे वाकवून थकलेली. नात शाळेत. सकाळी नऊला घर रिकामं व्हायचं ते संध्याकाळी भरायचं. मधल्या वेळात अप्पा, भिंतीवरचं घड्याळ आणि मी. मग दहा वाजले की अप्पा कडक इस्त्रीचा शर्ट घालत, मला वरच्या खिशात ठेवत आणि दुकानाकडे निघत.

सवलत म्हणजे काय असते ते मी आतून पाहिलंय. साखर असो की साबण, आधी किंमत वर चढवायची, मग तिच्यावर लाल काट मारायची आणि जुन्या किमतीच्या जवळपास आणून ठेवायची. माणूस चढण पाहत नाही, उतार तेवढा पाहतो. सगळ्याच सवलती अशा असतात असं नाही, हेही सांगतो. मुदत जवळ आलेला पाव खरोखर अर्ध्या किमतीत मिळतो, कारण तो त्यांना विकायचाच असतो. पण त्या पावाच्या शेल्फपाशी कधी मोठा फलक पाहिलाय? फलक लागतो तो जे खपत नाही त्याच्यावर.

अप्पा फलक बघून घ्यायचे. तीन घेतले की चौथं फुकट, म्हणून संडास साफ करायच्या बाटल्या आल्या. दुप्पट पॉइंट होते म्हणून झुरळांचं औषध आलं. घरात झुरळं नव्हती.

"बाबा, आणखी बाटल्या?" सून दारातच पिशवी बघून म्हणायची.

"अगं, चौथी फुकट होती."

"आपल्याकडे संडास एक आहे, बाबा."

"बाटली काही नासत नाही. ठेव माळ्यावर."

"माळ्यावर जागा असती तर मीच जाऊन राहिले असते."

नात हसायची. सून हसायची नाही. मुलगा असला तर "जाऊ दे ना" म्हणायचा, आणि ते ऐकून सून आणखी भडकायची. मलाही ओरडावंसं वाटे: अहो अप्पा, पॉइंट मिळावेत म्हणून नको ती वस्तू घेता, आणि वस्तू घेतली म्हणून पॉइंट मिळाले याचा आनंद मानता! कुत्रं स्वतःच्या शेपटीमागे फिरतं, तेसुद्धा थोड्या वेळाने दमून बसतं.

पण आमच्या घराण्याला वाचा नाही. आम्हाला फक्त मोजता येतं.

हळूहळू अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ज्यांनी केसाएवढ्या रेघा ओढल्या त्यांना आता दुधाच्या पिशवीवरची तारीख दिसेना. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. अप्पांनी त्यासाठी पैसे वेगळे काढून ठेवले. मुलाकडून घ्यायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. "माझे डोळे, माझे पैसे," ते म्हणायचे.

आणि नेमका त्याच सुमारास दुकानात तो फलक लागला. दारातून आत शिरताच समोर, माणसापेक्षा उंच. 'जुना फ्रीज द्या, नवा न्या. वर पैसे परत!'

मागच्याच आठवड्यात सून सहज बोलून गेली होती, "हा फ्रीज आता नुसता आवाज करतो. कालही दूध फाटलं." ती बोलून विसरली. अप्पा विसरले नाहीत. दिवसभर उभी असते बिचारी, घरी आल्यावर फाटलेलं दूध बघते, हे त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. फलकापुढे ते बराच वेळ उभे राहिले. त्यांचा हिशेब मला खिशातून ऐकू आला, कारण ते पुटपुटत होते. डोळ्यांचे पैसे आता फ्रीजला द्यायचे, महिन्याभरात मोठा वाटा परत येणार, थोडी भर घालून ऑपरेशन करायचं. सून खूश, डोळेही होतील.

त्यांनी मला काउंटरवर ठेवलं. मी घसरून खाली पडायचा प्रयत्न केला असता, पण प्लॅस्टिकला प्रयत्न करता येत नाही.

नवा फ्रीज घरी आला तेव्हा सून अवाक झाली. "बाबा, एवढा खर्च?" "पैसे परत यायचेत," अप्पा ऐटीत म्हणाले. त्या दिवशी तिने त्यांच्यासाठी मुद्दाम दुसऱ्यांदा चहा केला. अप्पा नंतर कितीतरी वेळ फ्रीजचं दार उघडून आतला दिवा बघत होते.

महिना गेला. पैसे आले. पण आले ते माझ्याकडे! म्हणजे पॉइंट होऊन. तेसुद्धा असे की आणखी तीन महिन्यांनी वापरता येतील, निवडक वस्तूंवर वापरता येतील, आणि एका बिलात थोडेच वापरता येतील. माझ्या पोटात एवढे पॉइंट कधी नव्हते, आणि मला इतकं मळमळलंही कधी नव्हतं.

अप्पांनी हे कुणालाच सांगितलं नाही. ऑपरेशनची तारीख मात्र पुढे जायला लागली.

"आता थंडी आहे," ते म्हणाले.

"डोळ्यांना सर्दी होते का, बाबा?"

नंतर म्हणाले, डॉक्टर नवखा वाटतो. त्यानंतर म्हणाले, आता तसं बरंच दिसतंय. हे सांगता सांगता त्यांनी मिठाच्या बरणीतला चमचा नातीच्या दुधात ढवळला. नातीने घोट घेतला आणि थुंकला. सुनेने गॅस बंद केला, ओढणीला हात पुसले आणि समोर बसली.

"बाबा, पैसे कुठे आहेत?"

अप्पांनी मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. "यात आहेत," ते म्हणाले.

पुढचं सगळं मी सांगत नाही. सून खूप बोलली. माळ्यावरच्या बाटल्यांपासून झुरळांच्या औषधापर्यंत सगळं निघालं. "आम्ही कुणी नाही का तुमचे? त्या दुकानावर विश्वास, आणि आमच्यावर नाही?" अप्पा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "ते ओळखतात मला. मी जाऊन सांगतो, ते करतील काहीतरी."

"मी येते बरोबर," सून म्हणाली. तिचा आवाज असा होता की फ्रीजसुद्धा क्षणभर गप्प झाला असावा.

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातून अर्धी सुट्टी घेतली. आम्ही तिघं दुकानात गेलो. व्यवस्थापक तरुण होता, गळ्यात ओळखपत्र आणि कानात फोनचं यंत्र. अप्पा त्याला पाहून हसले. सात वर्षं रोज त्याला किंवा त्याच्या आधीच्याला ते मान लववत आलेत.

"नमस्कार. ओळखलंत ना? मी रोज येतो."

"कार्ड नंबर सांगा, काका."

अप्पांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांना नंबर वाचता येईना. मला डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. सुनेने मला त्यांच्या हातातून अलगद घेतलं आणि नंबर वाचला.

व्यवस्थापकाने पडद्यावर बघितलं. "पॉइंट जमा आहेत की! भरपूर आहेत."

"पॉइंट नकोत. फलकावर पैसे परत लिहिलंय, पैसे द्या."

"मॅडम, अटी लागू असतात. काकांनी अटी वाचायला हव्या होत्या. वयस्कर माणसं काय करतात, नुसतं मोठं अक्षर बघतात आणि—"

इथपर्यंत सून शांत होती. घरात सासऱ्यांना जे ती स्वतः दहादा बोलली होती, तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिचं डोकं फिरलं. तिने गर्रकन वळून फलकाकडे बोट दाखवलं. फलक अजून तिथेच होता.

"चला. तुम्ही वाचून दाखवा अटी."

व्यवस्थापक हसत गेला. फलकाच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर वर, मुंगीच्या पावलांसारखी एक ओळ होती. तो वाकला. मग उकिडवा बसला. मग चष्मा काढून पुसला. ट्रॉल्या थांबायला लागल्या. "परतावा हा... पॉइंट... पॉइंटस्व... एक मिनिट हं," म्हणून त्याने फोनचा दिवा लावला.

"तुमचं वय किती?" सुनेने विचारलं.

"एकोणतीस."

"आणि यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. यांनी वाचायला हवं होतं, नाही का?"

पाठीमागून एक बाई म्हणाल्या, "मीही फ्रीज घेतलाय हो इथून. मलाही पॉइंटच दिलेत." आणखी कुणीतरी बोललं. व्यवस्थापक उठला, वरच्या कार्यालयाला फोन लावला, बराच वेळ "हो सर, हो सर" केलं, आणि येऊन म्हणाला, "रोख नाही मिळणार. पण सद्भावना म्हणून जादा पॉइंट देतो."

सून त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, थांबेना. अप्पांनी तिचा दंड धरला. "चल, बाळ. पुरे."

बाहेर पायऱ्यांवर अप्पा थांबले. "माझ्यासाठी भांडलीस."

"माझा राग अजून गेलेला नाही," ती म्हणाली. "पण राग माझा आहे. त्या पोराला बोलायचा अधिकार कुणी दिला?"

पायऱ्या त्यांना दिसत नव्हत्या. तिने हात पुढे केला, त्यांनी धरला.

तिने त्या दुसऱ्या बाईंना गाठलं आणि दोघींनी मिळून ग्राहक मंचाकडे तक्रार केली. ती अजून चालू आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल, मी त्यासाठी श्वास रोखून बसलेलो नाही. ऑपरेशनचे पैसे मुलाने आणि सुनेने भरले. अप्पा नको म्हणत होते, तेव्हा ती म्हणाली, "सवलत समजा. अटी लागू नाहीत." मग अप्पांनी ऑपरेशनची तारीख घेतली.

पट्टी निघाल्यावर अप्पांनी घरातलं सगळं वाचून काढलं. बाटल्यांच्या मागचं, औषधांच्या खोक्यावरचं, दिसेल ते. आता ते दुकानात आठवड्यातून एकदा जातात, चिठ्ठीवर असेल तेवढंच आणतात. बाकीच्या दिवशी दुपारी सुनेच्या दवाखान्यात बसतात. खांदे धरलेले, कंबर आखडलेले लोक नंबरची वाट बघत असतात, त्यांच्याशी गप्पा मारतात. तिथे त्यांना नंबर कुणी विचारत नाही. सून म्हणते, बाबा आल्यापासून पेशंटांची कुरकुर कमी झाली आणि चहाचा खर्च वाढला.

मी आता स्वयंपाकघरातल्या खणात असतो, दोरे आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या सोबत. पोटात ते पॉइंट अजून आहेत. त्यातल्या निम्म्यांची मुदत संपली, उरलेल्यांची संपेल. मला वाईट वाटत नाही. वैताग वाटतो, कारण आत्ता या क्षणी कुठल्यातरी काउंटरवर माझा एखादा भाऊ कुणाच्या तरी हातात ठेवला जातोय, "फुकट आहे" म्हणून.

तुम्ही विचाराल, तुझ्यावर विश्वास ठेवायचा का? अहो, मला घ्या, वापरा, पावावरची खरी सवलत जरूर मिळवा. मी चोर नाही. पण मी तुमचा मित्रही नाही. माझ्या अंगावर सन्मान छापलाय तो कारखान्यात, तुम्हाला कुणी बघायच्याही आधी. जे घ्यायला घरातून निघालात ते घ्या, आणि मला बघून पिशवी जड करू नका. आणि कुणी 'पैसे परत' म्हणालं, तर बिल करायच्या आधी एवढंच विचारा: परत म्हणजे कुठे? माझ्या खिशात, की या कार्डाच्या पोटात?

उत्तर द्यायला समोरचा वेळ लावू लागला, तर पिशवी उचला आणि बाहेर पडा.