दारापर्यंत अकरा पावलं

चित्रातल्या माणसांना आवाज नसतो. खऱ्या माणसांच्या सिनेमात निदान कुणी खोकलं, खुर्ची सरकली, तर तेवढं तरी आपसूक मिळतं. चित्रांच्या सिनेमात शिंकेपासून सगळं कुणाला तरी बसून करावं लागतं. ते करणारी ही बाई. वीस वर्षं ती एका बंद खोलीत पडद्यासमोर उभी राहून दुसऱ्यांसाठी चालत, धडपडत, दारं आपटत आली होती, आणि काचेपलीकडे बसून तिचा नवरा ते रेकॉर्ड करत आला होता.

या खेपेला मुलांचा सिनेमा होता. एक हट्टी राजकन्या, तिच्याहून हट्टी राणी, आणि तोंडी लावायला एक ड्रॅगन. ड्रॅगनचे पंख तिने जुन्या रेनकोटवर निभावून नेले. राणीचा घोळदार झगा म्हणजे घरची चादर, आणि मुकुट पडला तेव्हा पातेल्याचं झाकण कामी आलं. सगळं उरकलं होतं. उरला होता एकच प्रसंग, आणि तो ती आठ दिवस काही ना काही निमित्त काढून पुढे ढकलत होती. राजकन्या आईशी भांडते, पिशवी खांद्याला लावते आणि निघून जाते. दारापर्यंत अकरा पावलं, बारावं बाहेर.

तिची स्वतःची लेक दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती. ही लेकीला महाराणी म्हणायची, सकाळी पांघरूण ओढताना लाडाने आणि भांडताना दातओठ खाऊन. शिक्षण अर्धवट टाकून महाराणींना जहाजावर स्वयंपाकी व्हायचं होतं. नवरा तेव्हा घरी नव्हता. संध्याकाळी आल्यावर त्याने एवढंच विचारलं, "जाताना दारात थांबली तरी का गं?"

"थांबतेय कसली! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

पोरीवर जीव टाकणारा माणूस, त्या एका वाक्याने दगड झाला. सहा महिन्यांनी मावशीकडून पोरीचा निरोप आला, मला घरी यायचंय, बाबांना विचार. बाबा म्हणाले, "जिला जाताना थांबावंसं वाटलं नाही, तिने आता कशाला यायचं?" तेव्हाही ही खरं काय ते न सांगता मूग गिळून बसली. मग एका परक्या बंदरातल्या दवाखान्यात पोर तापाने गेली. हे दोघं पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

म्हणून आज तिला फक्त न थांबता चालायचं होतं. बारा पावलं. थांबली तर त्याच्या लक्षात येईल, आणि त्याच्या लक्षात आलं तर या घरात काही उरणार नव्हतं.

"चल, घेऊ या," तो काचेपलीकडून म्हणाला.

तिने टाचांचे बूट चढवले, चामड्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि लाकडी फळीवर चालू लागली. अकराव्या पावलाला पाय थांबले.

"अगं, थांबलीस. ती थांबत नाही चित्रात."

"अडखळले हो. परत घेऊ."

परत तेच. तिसऱ्या वेळी तिने मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या, नजर पडद्यावर खिळवली, पावलं मोजली. अकरा. दोन्ही टाचा एकमेकींना चिकटल्या. खांद्यावरचा पट्टा करकरला, कारण तिच्या हाताने तो न सांगता घट्ट धरला होता. मग एक लांब श्वास, आणि मगच बारावं पाऊल. पाय तिचे होते, पण ऐकत नव्हते. त्यांना दाराकडे चालण्याची एकच रीत ठाऊक होती, लेकीची.

काचेपलीकडे त्याने तो तुकडा लावून ऐकला. मग पुन्हा ऐकला. लेकीला तशी चामड्याची पिशवी त्यानेच आणून दिली होती, आणि घाबरली की ती पट्टा कसा आवळते, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"थांबली होती ती," तो म्हणाला.

खोटं बोलायला तिच्याकडे आता तोंड नव्हतं. "हो."

"किती वेळ?"

"चार सेकंद. मी हाक मारेन म्हणून थांबली होती, अहो. मला कळत होतं. म्हटलं, आधी तिने वळावं."

त्याने हेडफोन परत कानांवर चढवले आणि रोजच्याच आवाजात म्हणाला, "आणखी एकदा घेऊ."

या वेळी ती चालली. अकरा, बारा, थेट बाहेर, पडद्यावरच्या पोरीसारखी. आता लपवायला काही राहिलं नव्हतं आणि पायही सरळ पडले. "झालं," तो म्हणाला. त्याने यंत्रं बंद केली, कोट उचलला, आणि मधलं दार उघडून फळीवरून तिच्या बाजूने बाहेरच्या दाराकडे निघाला.

ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. वीस वर्षं पावलं ऐकणाऱ्या बाईला वळून बघायची गरज नव्हती. आठ. नऊ. दहा.

"अहो!" तिने हाक मारली. "थांबा ना!"

अकरा. बारा. मग जिन्याच्या पायऱ्या, एकेक करून, खालपर्यंत.