तेवीस चिमटे

फळा मीच केला होता. शाळा सुटल्यावर आमच्या केंद्रात येणाऱ्या तेवीस मुलांसाठी कपडे वाळत घालायचे तेवीस लाकडी चिमटे, प्रत्येकावर एकेकाचा फोटो. फळ्याची डावी बाजू निळी, म्हणजे खोलीत. उजवी हिरवी, म्हणजे अंगणात. बाहेर जाताना मुलानं आपला चिमटा आपणच हिरव्यावर लावायचा, आत आल्यावर परत निळ्यावर. चार-पाच वर्षांच्या मुलांना तेवढी जबाबदारी पेलते, असं माझं म्हणणं होतं. फळा येण्यापूर्वी आम्ही दर वीस मिनिटांनी डोकी मोजायचो. ते हळूहळू मागे पडलं. कोणी ठरवून बंद केलं नव्हतं.

त्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या होत्या. मी मोठी खुर्ची पुढे केली तर त्यांनी मुलांचीच बुटकी खुर्ची ओढली आणि गुडघे पोटाशी घेऊन बसल्या.

"इथून मुलांना दिसतं तेवढंच मला दिसतं," त्या म्हणाल्या. फळ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी खुंटीकडे पेन दाखवलं. "ती पिवळी पिशवी कोणाची?"

"मुंगीची. म्हणजे आम्ही तिला मुंगी म्हणतो, सारखं काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते. धुळीनं तिला दम लागतो. पिशवीत पंप आहे."

"ती अंगणात गेली तर?"

"पिशवी दादा बरोबर नेतो. त्याशिवाय तिला बाहेर सोडत नाही."

हे बोलता बोलता माझी नजर फळ्यावर गेली. मुंगीचा चिमटा हिरव्यावर होता. पिशवी खुंटीवर.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. "दादा विसरला वाटतं, देऊन येते," असं म्हणून मी पिशवी घेऊन बाहेर पडले.

दादा माझा सहकारी. अंगण त्याच्याकडे असतं. तो घसरगुंडीपाशी कोणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होता.

"मुंगी?" तो म्हणाला. "ती आत आहे ना? तिला बाहेर आणलंच नाही, म्हणून पिशवीही घेतली नाही."

मी घड्याळात पाहिलं. चार वाजून बारा मिनिटं.

चार वाजता एका मुलीचे आजोबा तिचा विसरलेला डबा द्यायला आले होते आणि दादानं फाटक उघडलं होतं. फाटकापलीकडे रस्ता. दादालाही त्याच क्षणी तेच आठवलं असावं, कारण आम्ही दोघांनीही मान वळवली ती फाटकाकडेच.

"घंटा वाजवू?" त्यानं हळूच विचारलं.

नियम तोच होता. मूल दिसलं नाही की लगेच घंटा, फाटकाला कुलूप, सगळी मुलं एका ओळीत, मोठ्यानं मोजणी. नियमही माझ्याच अक्षरात भिंतीवर लावलेला. पण खिडकीतून बाईंची मान दिसत होती, वहीवर वाकलेली.

"थांब जरा. तू रस्ता बघ, मी आत बघते."

मी दोन्ही संडास पाहिले. पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. दप्तरांच्या कपाटाआड वाकून पाहिलं. जिन्याखाली गाद्यांची खोली आहे, कसरतीच्या जाड गाद्या तिथे उभ्या रचून ठेवतो. तिच्या दाराला बाहेरून कडी होती. बाहेरून कडी, म्हणजे आत कोणी नाही, असं धरून मी पुढे गेले. दादा धापा टाकत परत आला आणि त्यानं नुसतीच मान हलवली.

मग मी घंटा वाजवली. चार वाजून सोळा मिनिटं.

बाई उठून उभ्या राहिल्या. मुलं ओळीत बसली. मी मोठ्यानं मोजलं. बावीस.

"तुझं चुकलं ताई," ओळीतून आवाज आला. "फळ्यावर तेवीस आहेत."

हा आमचा वकील. वय पाच, प्रत्येक गोष्टीवर हरकत.

"मुंगी इथे नाहीये, वकील."

"मला माहितीये. तिचा चिमटा मीच लावला."

"का लावलास?"

"तिचे हात रिकामे नव्हते. ती घर बांधत होती. मला म्हणाली, माझा पण लाव, मी येतेच. तूच सांगतेस ना, एकमेकांना मदत करा."

"घर कुठे बांधत होती?"

त्यानं ओठ आवळले. "सांगणार नाही. शप्पथ घातलीये."

"बरं, बोट दाखव नुसतं."

"बोट दाखवलं म्हणजे सांगितलंच की."

दादा पुढे सरसावला, मी त्याला हातानं अडवलं. ओरडलो असतो तर हा पोरगा रडायला लागला असता आणि आणखी पाच मिनिटं गेली असती. मी त्याच्यासमोर मांडी घातली आणि पिवळी पिशवी मांडीवर ठेवली.

"हे काय आहे, माहितीये?"

"तिचा पंप."

"तो इथे आहे. तिच्याजवळ नाही."

तो पिशवीकडे बघत राहिला. मग त्याची नजर आपोआप जिन्याखाली गेली. एवढं पुरे होतं.

कडी काढली. मुंगी दोन गाद्यांच्या मधल्या फटीत बसली होती, मांडीवर तीन उशा. रडत नव्हती. रडायला श्वासच उरला नव्हता. खांदे वरखाली होत होते आणि ओठांचा रंग उतरला होता. मी तिला उचलून बाहेर मोकळ्या हवेत आणलं, पंपाला नळी जोडली. एक फवारा, मोजून सहा श्वास. दुसरा फवारा. चौथ्यानंतर खांदे खाली आले. तोवर दादा डॉक्टरांना आणि तिच्या आईला फोन करून मोकळा झाला होता.

"मी दार वाजवलं," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पण बाहेर खूप आवाज होता."

दादा भिंतीला टेकून खाली बसला. चारच्या सुमारास त्या खोलीतून चेंडू काढून, गाद्यांमागे न बघता, त्यानंच कडी लावली होती.

डॉक्टर येऊन तिला तपासून गेले. मग घटनेचा कागद भरायला घेतला. त्यात दोन रकाने असतात, मूल दिसत नाही हे कळल्याची वेळ आणि घंटेची वेळ. दादा कानाशी वाकला. "दोन्हीकडे सोळाच लिही ना. कोणाला कळणार आहे?"

कोणालाच कळणार नव्हतं. मी पहिल्या रकान्यात चार बारा लिहिलं, दुसऱ्यात चार सोळा, आणि कागद बाईंच्या हातात दिला.

"मधली चार मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही बसला होतात म्हणून."

त्यांनी कागद घडी करून वहीत ठेवला. "तीन आठवड्यांत परत येईन," एवढंच म्हणाल्या. "न कळवता."

मुंगीची आई बेकरीतून तशीच आली होती, कोपरापर्यंत पीठ. तिलाही मी तेच सांगितलं, कडीचं आणि चार मिनिटांचंसुद्धा. तिनं मुलीला कडेवर घेतलं, पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी फळा उतरवला. मुंगी परत येईल असं मला वाटत नव्हतं. पण शाळा सुटल्यावर ती आली, आईचं बोट धरून. पिशवी गळ्यात.

"मला दुसरी सोय नाही," आई म्हणाली. "म्हणून आणलीये. मी इथे उभी आहे. मोजा."

मी एकेका डोक्यावर हात ठेवत मोजायला लागले. अठरापर्यंत आले तोच वकील म्हणाला, "मला दोनदा मोजलंस."

हात थांबला. मी पुन्हा एकपासून सुरुवात केली. तेवीस होईपर्यंत मुंगीची आई दारातून हलली नाही.